३२ मिलिमीटरचं दार

घराची डागडुजी काढली तेव्हा मागच्या भिंतीतली सगळी भोकं बुजवून घेतली. त्यातल्या एका जुन्या पाइपाच्या भोकात चिमण्यांचं घरटं असायचं. ते रिकामं आहे याची खात्री करूनच मी गवंड्याला हो म्हटलं होतं. पण पुढच्या खेपेला त्या परत तिथेच येतील, हे माझ्या मनात आलं नाही. आल्या. नर दोन दिवस त्या गुळगुळीत प्लास्टरला नखं लावून लटकायला बघत होता, घसरत होता, पुन्हा येत होता. आईची खाट त्याच खिडकीशी असते. तिचं आता बाहेर जाणं होत नाही, दिवस त्या खिडकीवरच जातो. ती मला रागावली नाही. "अगं, तो अजून शोधतोय," एवढंच म्हणाली.

मी घाईने एक तयार पेटी आणून टांगली. दिसायला सुरेख होती: आतबाहेर चकचकीत रंग, उतरतं लाल छप्पर, भोकाखाली पक्ष्याला बसायला दांडी. भोक मात्र ५ सेंटिमीटरचं, आणि तळ त्याच्यापासून जेमतेम चार बोटं खाली. एक जोडी आली, काड्या नेल्या, आई खूश झाली. मग एका सकाळी त्या दांडीवर कावळा बसला, मान तिरकी केली आणि चोच आत घातली. मी धावत पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. पेटी उघडायची सोयच नसल्यामुळे आत काय उरलंय तेही कळलं नाही.

त्या दांडीचा मला अजून राग येतो. झाडाच्या ढोलीला कुठे दांडी असते? चिमणी भोकाच्या कडेला नखं रोवते आणि एका झेपेत आत शिरते, तिला पायरी लागत नाही. पायरी लागते ती बाहेरून हात घालणाऱ्याला. तेव्हा ठरवलं की पेटी आपणच करायची, आणि आधी पक्ष्याच्या बाजूने विचार करून मगच फळीला करवत लावायची. लाकूडकाम मला येत नव्हतं. ओळखीचे एक वयस्कर सुतार आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी एकच अट घातली: काम मी करायचं, ते फक्त बघणार.

सगळं ठरतं ते भोकावरून. नेमक्या व्यासाचं भोक पाडलं तर हवा तो पक्षी आत जातो आणि त्याहून मोठा बाहेर राहतो. युरोपातल्या इवल्या निळ्या टिट पक्ष्याला २५ मिलिमीटर पुरतात, रामगंगा नावाच्या पक्ष्याएवढ्याला २८, घरचिमणीला ३२, आणि स्टारलिंगला ४५. दयाळही पेटीत घरटं करतो, पण त्याला चिमणीपेक्षा बरंच मोठं दार हवं. आमच्याकडे हक्क चिमण्यांचा होता, म्हणून ३२. दुसरं माप खोलीचं. भोकाची खालची कड आतल्या तळापासून निदान साडेबारा सेंटिमीटर वर हवी. एवढी खोली असली की पिल्लं वेळेआधी काठावर येत नाहीत आणि मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच तळापर्यंत पोचत नाही. ही दोन मापं मी कागदाच्या माथ्यावर लिहिली आणि बाकीची पेटी त्यांच्याभोवती काढली.

लाकूड मिळवताना एक गोष्ट नव्याने कळली. माल पाठवायच्या जुन्या चौकटीच्या पाइनच्या फळ्या मला फुकट मिळत होत्या. काकांनी त्या उलटवून त्यावरचा शिक्का दाखवला. देशाबाहेर जाणाऱ्या अशा लाकडावर कीड मारण्याची प्रक्रिया करून छाप मारतात. 'एचटी' म्हणजे नुसती उष्णता दिलेली, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेला. माझ्या फळ्यांवर एमबी होतं. त्या तिथेच ठेवल्या. वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं लाकूडही नको, कारण पिल्लं दोन आठवडे त्याला अंग लावून बसणार. प्लायवूडचे थर पावसात सुटतात. साधी, कोरी, नीट वाळलेली पाइनची फळी घेतली: १५ सेंटिमीटर रुंद, दीड मीटर लांब. जाडी २ सेंटिमीटर सांगितली होती. पातळ लाकडाच्या पेटीत उन्हात भट्टी होते आणि रात्री गारठा, म्हणून दीडहून कमी नको होती.

आखणी अशी होती. मागची फळी ४० सेंटिमीटर, म्हणजे वर आणि खाली भिंतीला ठोकायला कान उरतात. दोन बाजू, प्रत्येकी मागच्या कडेला २७ आणि पुढच्या कडेला २२, म्हणजे छपराला उतार मिळतो. ४९ सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याच्या मधून एकच तिरका छेद घेतला की दोन्ही बाजू निघतात. हे काकांनी दाखवलं तेव्हा मला फार आनंद झाला. मी दोन वेगळे तुकडे कापून मधला त्रिकोण फेकणार होते. पुढची फळी २२. आणि तळ: पेटीची बाहेरची रुंदी १५, त्यातून दोन बाजूंची जाडी वजा, म्हणजे ११ सेंटिमीटर.

तळ कापला, बाजू उभ्या करून मध्ये ठेवला, तर तो हलत होता. फळी रंधून दिलेली होती, तिची खरी जाडी १८ मिलिमीटर निघाली. वजा करायचे होते ३.६, मी केले ४. तळ हवा होता ११.४. सांगितलेलं माप आणि हातातलं माप यात ४ मिलिमीटरचा फरक पडला होता. "फळी मोजा ताई, कागद नका मोजू," काका म्हणाले. उरलेल्या तुकड्यातून दुसरा तळ कापला, त्याचे चारही कोपरे तिरके छाटले म्हणजे पाणी निचरायला वाट राहते, शिवाय ६ मिलिमीटरची चार भोकं पाडली. पहिला तळ मी टाकला नाही, तो पुढे कामाला आला.

पुढच्या फळीने माझा एक अख्खा दिवस घेतला. बाजूंची पुढची कड २२, म्हणून मी पुढची फळीही २२ कापली होती. पण छपराचा उतार बाजूंपाशी थांबत नाही, तो पुढच्या फळीच्या जाडीवरूनही उतरत जातो. १५ सेंटिमीटरला ५ सेंटिमीटर उतार, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीवर ६ मिलिमीटर. तेवढा काठ वर राहिला आणि ठेवून बघितलेलं छप्पर त्यावर डुलायला लागलं. मी आधी बाजू चुकल्या असं समजून त्याच घासत बसले होते. शेवटी एक सरळ पट्टी उतारावर ठेवून डोळ्यांनी बघितलं तेव्हा चूक दिसली. फळी २१.४ केली आणि सगळं बसलं. तळ खालच्या कडेपासून ६ मिलिमीटर आत घ्यायचा होता, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी त्याच्या कडेत शोषलं जात नाही. त्याची जाडी १८. त्यावर साडेबारा सेंटिमीटर. असं करत भोकाचा मध्य खालून १६.५ सेंटिमीटरवर आला.

भोकासाठी काकांकडून ३२ मिलिमीटरचं गोल करवतीचं पातं घेतलं. ड्रिलला ते लावून पहिल्यांदा एका रद्दी तुकड्यावर बघितलं, तर पातं आरपार गेलं तिथे मागच्या बाजूला लाकडाची सालं निघाली, सुईसारखी उभी. ही मागची बाजू म्हणजे पेटीची आतली बाजू. मग खऱ्या फळीमागे तो चुकलेला तळ शिकंज्यात घट्ट आवळला, मधली बारीक सुई पलीकडे निघून त्या तळात रुतेपर्यंतच ड्रिल चालवलं, फळी उलटी केली आणि उरलेलं मागून कापलं. दोन्ही तोंडं स्वच्छ आली. काठीला काचकागद गुंडाळून कड गोलसर केली. त्या कडेवरून चिमणी दिवसातून किती वेळा आत-बाहेर करणार होती, हे आई पुढे मोजणार होती. मला तेव्हा फक्त एवढं वाटत होतं की तिच्या पोटाला काही टोचू नये.

फळी रंधलेली असल्यामुळे आतून अगदी गुळगुळीत होती. हातांना ते छान लागत होतं, पण मला प्लास्टरवर घसरणारा तो नर आठवला. उडायला तयार झालेलं पिल्लू तळातून भोकापर्यंत चढतं ते नखांच्या आधाराने. गुळगुळीत भिंतीत त्याला वर येता येत नाही. म्हणून पुढच्या फळीच्या आतल्या अंगाला, भोकाच्या खाली, करवतीने एकेका सेंटिमीटरवर आडव्या खाचा घेतल्या, प्रत्येक दीड-दोन मिलिमीटर खोल. अकरा खाचा, एकीखाली एक, शिडीसारख्या. बाहेरून त्या कुणालाच दिसत नाहीत. सगळ्या कामात हाच अर्धा तास मला सर्वांत जवळचा आहे.

जोडणीत दोन गोष्टी शिकले. पाइन कडेजवळ चट्कन फुटतं. मी पहिला स्क्रू सरळ पिळला आणि बाजूच्या फळीत बोटभर चीर गेली. काकांनी चीर डिंकाने बंद करायला लावली आणि मग प्रत्येक स्क्रूआधी बारीक बिटने वाट करून घ्यायला सांगितलं: स्क्रू ४ मिलिमीटरचा तर भोक त्याहून बारीक, अडीच-तीनचं. दुसरी गोष्ट रेष्यांची. लाकडाचे रेषे जिथे संपतात त्या तोंडात स्क्रू नीट धरत नाही, ओलं-कोरडं होत राहिलं की सैल पडतो. रेष्यांना आडवा गेलेला स्क्रू पकड घेतो. माझ्या तळाचे रेषे बाजूंकडे तोंड करून होते, म्हणून तळ बाजूंना न जोडता पुढच्या आणि मागच्या फळीतून पकडला. बाजूही तशीच. अख्ख्या पेटीत बाजूच्या फळीतून घातलेला स्क्रू एकही नाही, सगळे पुढून किंवा मागून.

याचा फायदा असा की एक बाजू दार म्हणून मोकळी ठेवता आली. उघडत नाही ती पेटी मी पुन्हा कधी लावणार नव्हते. बिजागरीही लागत नाही. दाराच्या वरच्या भागात, खालून १९ सेंटिमीटरवर, एक स्क्रू पुढच्या फळीतून आणि एक मागच्या फळीतून दाराच्या कडेत घालायचा. हे दोन स्क्रू अगदी समोरासमोर हवेत. गुण्या लावून रेषा पेटीभोवती फिरवून आणली तेव्हाच खात्री झाली. फळ्यांमधली भोकं थोडी सैल ठेवली की दार त्या दोन टोकांवर फिरतं आणि खालून बाहेर उघडतं. दार वरच्या कडेला ५ मिलिमीटर कमी केलं, नाहीतर ते छपराला अडतं. तीच फट हवा खेळायलाही उपयोगी पडली. शिवाय रुंदीत २ मिलिमीटर रंधा मारला, कारण दमट हवेत पाइन रेष्यांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि दार रुतून बसतं. खाली बंद करायला एक स्क्रू. कडी लावायचा मोह झाला होता, पण कडी वाऱ्याने, माकडाने किंवा कुतूहलाने आलेल्या कुणाही माणसाने उघडते. स्क्रूला पेचकस लागतो.

छप्पर मी त्याच फळीतून कापलं होतं, १५ सेंटिमीटर रुंद, बाजूंना बरोबर जुळणारं. दिसायला नेटकं. पेटी अंगणात ठेवून झारीने पाणी घातलं आणि दार उघडून आत बोट फिरवलं, तर दोन्ही बाजूंच्या वरच्या कडा ओल्या. दाराच्या फटीतून तर थेंब आत उतरला होता. दुसरी रुंद फळी आणली आणि २० बाय २४ चं छप्पर केलं. आता दोन्हीकडे अडीच सेंटिमीटर आणि पुढे चांगलं पाचहून जास्त बाहेर येतं, पाऊसही अडतो आणि छपरावर बसून भोकात डोकावणंही अवघड जातं. मागच्या फळीला छप्पर टेकतं त्या सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चुकांनी ठोकली. पुन्हा झारी. या वेळी आत भुसासुद्धा कोरडा होता.

रंग नाही दिला. फक्त बाहेरून कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन हात दिले आणि वास जाईपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवलं. आतून काहीच नाही.

जागा निवडताना आईची खिडकी पक्की होती, पण नेमका कोपरा दोन दिवस उन्हाकडे बघून ठरवला. दुपारचं कडक ऊन आणि पावसाचा मारा, दोन्ही भोकावर येता कामा नयेत. उत्तर गोलार्धात साधारण उत्तर ते पूर्व या बाजूला तोंड केलं की हे साधतं. पागोळीखाली, जमिनीपासून तीन मीटरवर, जिथे खाली भिंतीला टेकून काही ठेवलेलं नाही आणि मांजराला उडी मारायला फांदी नाही. भिंत आणि फळी यांत वायसर घालून थोडी फट सोडली, म्हणजे मागे ओल धरत नाही. खालच्या स्क्रूपेक्षा वरच्याला एक वायसर जास्त, त्यामुळे पेटी किंचित पुढे झुकलेली राहते.

मग अडीच महिने काहीच झालं नाही.

मी रोज संध्याकाळी विचारायचे आणि आई मान हलवायची. मला पेटी खाली काढून काहीतरी बदलावंसं वाटायचं, भोकाची कड, जागा, काहीही. काका म्हणाले, "लाकडाला जरा जुनं होऊ द्या." फळीचा पिवळा रंग उडून राखाडी झाला. एका सकाळी आईने मला झोपेतून हाक मारली. काळ्या गळ्याचा एक नर भोकाच्या कडेला उभा लटकून होता, एकसारखा चिवचिवत. नर आधी जागा धरतो आणि दारात बसून मादीला बोलावतो. ती दोनदा आली, आत डोकं घातलं, गेली. तिसऱ्यांदा आत गेली. मी आणि आई दोघीही बोललो नाही.

त्यानंतरची वही आईची आहे. सुकं गवत, सुतळीचे धागे, कोंबडीचं एक पांढरं पीस जे भोकातून आडवं जाईना आणि नराने चार वेळा फिरवून मग देठाकडून ओढलं. मग कमी झालेली ये-जा: अंडी उबवायला चिमणीला अकरा ते चौदा दिवस लागतात आणि नरही पाळी घेतो. मग एका दुपारी तिने लिहिलं, 'आतून बारीक आवाज'. पुढे ती तासाला किती खेपा हे उभ्या रेघांनी मोजायची. दाणे खाणारी चिमणी पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्याच भरवते, हे आईला खिडकीतून स्पष्ट दिसायचं. हिरव्या अळीला ती 'हि' आणि नाकतोड्याला 'ना' लिहायची. त्या वर्षापासून मागच्या झाडांवर आम्ही कसलीही फवारणी केलेली नाही. दार मी एकदाही उघडलं नाही. आवाज ऐकल्यापासून पंधराव्या दिवशी भोकात एक फिकट, पिवळ्या ओठांचं तोंड दिसलं, बराच वेळ तिथेच राहिलं, आणि समोरच्या झुडपात जाऊन पडलं. त्यामागे आणखी तीन.

तीच जोडी पुन्हा बसली, आणखी एक वीण झाली. हंगाम संपून दोन आठवडे पेटीकडे कुणी फिरकलं नाही, तेव्हा मी शिडी लावली. रिकाम्या घरट्यात गोचिडासारखे बारीक किडे आणि पिसवा राहतात, पुढच्या पिल्लांना त्या छळतात, म्हणून जुनं घरटं काढावं लागतं. स्क्रू काढला, दार खालून उघडलं, जरा जड पण रुतलं नव्हतं. गवताचा चौकोनी गठ्ठा पेटीचा आकार घेऊनच बाहेर आला, मध्ये वाटीसारखी खोलगट जागा, त्यात तेच पांढरं पीस. कडेला एक न उबलेलं अंडं होतं. तळाच्या दोन भोकांत माती बसली होती, ती खिळ्याने मोकळी केली. उकळतं पाणी ओतून पेटी धुतली, कीटकनाशक नाही, आणि दार उघडं ठेवून दिवसभर वाळू दिली.

संध्याकाळी दार बंद करायला चढले तेव्हा विजेरीने पुढच्या फळीची आतली बाजू बघितली. पेटी लावली तेव्हा खाचांच्या कडा करवतीच्या धारेसारख्या होत्या. आता वरच्या चार-पाच खाचांच्या मधल्या भागातल्या कडा गोल झाल्या होत्या, भोकाच्या अगदी खालची तर बोटाला लोण्यासारखी लागली. त्याच्या खालच्या खाचेत एक करडं मऊ पीस अडकलं होतं, धुण्यातही निघालं नव्हतं. मी ते तसंच राहू दिलं.

"झालं का गं?" आईने खिडकीतून विचारलं. "तो मघापासून तारेवर बसलाय."

मी स्क्रू आवळला आणि शिडी काढून घेतली.